रंग कोणाच्या डोळ्यांसाठी?

पूर्वी माणसे घराला रंग देत, आता ती घराचा 'मूड' ठरवतात. रंगाच्या दुकानात शिरले की पत्त्यांच्या पंख्यासारखे शेड-कार्ड हाती येते. निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे उत्साह, हिरवा म्हणजे ताजेपणा, असे विक्रेता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या ठामपणाने सांगतो. घरात सुख नांदावे ही इच्छा कोणाला नसते? त्यामुळे आपणही मान डोलावतो.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर गेली. अर्जासोबत इंजिनिअरचे एस्टिमेट असे. पाया, वीटकाम, स्लॅब, प्लॅस्टर, फरशी आणि अगदी तळाशी रंगकाम. खर्च वाढे तो वरच्या ओळींत, कात्री लागे ती शेवटच्या ओळीला. शेवटच्या हप्त्यापूर्वी पाहणीला जावे तर भिंतींवर नुसता चुन्याचा हात फिरवलेला. "रंगाचं दिवाळीला बघू साहेब," असे घरमालक संकोचाने म्हणे. मात्र दाराला तोरण असे आणि आतून चहाचा कप हमखास येई. स्वतःच्या छपराखाली आल्याचा आनंद त्या पांढऱ्या भिंतींमुळे उणावलेला मी कधी पाहिला नाही.

त्या चुन्यातही शहाणपण होते. पिवळट झाक मारली जावी म्हणून त्यात चिमूटभर नीळ पडे. एवढ्याशा खिडकीतून आलेला उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून माजघरापर्यंत पोहोचे. पाठ टेकते तेवढ्या उंचीपर्यंत गडद पट्टा ओढलेला असे, म्हणजे तेलकट डोक्यांचे आणि पोरांच्या हातांचे डाग दिसत नसत. मूड हा शब्द त्या पिढीला ठाऊक नव्हता, पण भिंतीशी कोणाचा संबंध येणार आहे हे ती पाहत होती.

रंगाचा मनावर परिणाम होत नाही असे मला म्हणायचे नाही. तो होतो, फक्त गोळीसारखा होत नाही. १९७९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे नौदलाच्या बंदिगृहातील एका कोठडीला गुलाबी रंग दिला गेला. अशा कोठडीत थोडा वेळ ठेवले की कैद्यांचा आक्रमकपणा निवळतो, असा अलेक्झांडर शॉस या संशोधकाचा दावा होता. त्याची बरीच चर्चा झाली आणि इतरत्रही कोठड्या गुलाबी झाल्या. पुढच्या काटेकोर प्रयोगांत मात्र तो दावा टिकला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधील तुरुंगात केलेल्या अभ्यासात गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीतल्या कैद्यांच्या आक्रमकपणात फरक आढळला नाही.

रंगाइतकेच महत्त्व असते उजेडाला. उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर थंड असतो, तिथे निळसर करडा रंग आणखी गार वाटतो. पश्चिमेच्या खोलीत मोतिया भिंत संध्याकाळी केशरी होते आणि रात्री पांढऱ्या दिव्याखाली तीच निस्तेज दिसते. शिवाय कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा चारी भिंतींवर पसरला की अधिक गडद भासतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात. म्हणून रंगाऱ्याला आधी छोटा डबा आणायला सांगावे. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन दोन हात देऊन रंगवावा, वाळू द्यावा आणि सकाळी, दुपारी व रात्री त्याच्यासमोर बसून पाहावे. चार दिवस जातील, पण पुढची सात-आठ वर्षे त्याच भिंतीशी गाठ असते.

आणि सर्वांत मोठा प्रश्न, पाहणार कोण? आमच्या घरी रंगकाम निघाले तेव्हा आईच्या खोलीसाठी सूनबाईने फिकट लव्हेंडर काढला होता, चौकटीलाही तोच. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईने कार्ड डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाली, "मला हा सगळा राखेसारखा दिसतो गं. रात्री दार कुठलं आणि भिंत कुठली, हे कळलं म्हणजे झालं."

वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात, दोन फिकट रंगांतली सीमा पुसट होते. आपल्याला जे सौम्य वाटते ते वृद्धांना धुके वाटू शकते. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरे दार अशा आजच्या आवडीच्या घरांत म्हातारी माणसे हाताने चाचपत चालतात ती उगीच नव्हे. त्या वयात एक ठेच आणि मोडलेले खुब्याचे हाड, एवढ्याने सगळ्या घराचा मूड कायमचा बदलतो.

सूनबाईने कार्ड मिटले आणि आजींच्या शेजारी बसून पुन्हा उघडले. या वेळी निवड आजींची होती. भिंतींना हलका पिवळा, न्हाणीघराच्या दाराला आणि चौकटीला गडद तपकिरी. दिवाणखान्याशी तो मेळ खात नाही, असे रंगारी दोनदा बजावून गेला.

आई आता रात्री उठते, छोट्या दिव्याच्या उजेडात एकदा चौकटीकडे पाहते आणि भिंतीला हात न लावता चालू लागते.