बेने इस्राएल

अलिबागेत ‘इस्राएल आळी’ नावाची एक आळी आहे. तिच्या नावात एका अतिप्राचीन पुरुषाचे नाव दडलेले आहे, हे वाटसरूच्या ध्यानीही येत नाही.

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात याकोब नावाच्या मेंढपाळ कुलपुरुषाची कथा आहे. भावाच्या भयाने तो परमुलखात जाऊन राहिला होता. पुष्कळ वर्षांनी घराकडे परतत असता यब्बोक नदीकाठी एका रात्री तो एकटाच मागे राहिला. तेथे एका अनोळखी पुरुषाने त्याच्याशी झोंबी घेतली. ती पहाटेपर्यंत चालली. याकोबाच्या मांडीचा सांधा निखळला. तरी आशीर्वाद दिल्यावाचून तो त्या पुरुषाला सोडीना. तेव्हा त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळाले. ‘देवाशी झुंजणारा’ असा त्याचा अर्थ ग्रंथात सांगितला आहे. हिब्रू भाषेत ‘बेने’ म्हणजे पुत्र. याकोबाच्या बारा पुत्रांचा वंश तो ‘बेने इस्राएल’.

पुढे या वंशाचे राज्य दुभंगले. उत्तरेकडील भागास इस्राएल व दक्षिणेकडील भागास यहूदा म्हणू लागले. इ. स. पूर्व 722 च्या सुमारास अश्शूरच्या सैन्याने उत्तरेचे राज्य बुडविले. यहूदा त्यानंतरही टिकले आणि त्याच्यावरून साऱ्या समाजालाच ‘यहुदी’ हे नाव पडले. जुने नाव मुख्यतः ग्रंथांत आणि प्रार्थनांत उरले.

कोकणात मात्र ते माणसांच्या तोंडी राहिले. परंपरा अशी सांगते की, फार पूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. या कथेला लेखी पुरावा नाही. पण त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, हे निश्चित. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते स्वतःला ‘बेने इस्राएल’ म्हणवीत. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली आणि मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. हिब्रू भाषा ते विसरले. तरी इस्राएलला साद घालून सुरू होणारी एक प्रार्थना त्यांनी मुखोद्गत ठेविली होती.

या नावाने एकदा प्राण वाचविल्याचीही आख्यायिका आहे. इंग्रजांच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण बेने इस्राएल आहोत, असे त्यांनी सांगताच टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली. कारण कुराणातही हे नाव येते. पुढे 1796 साली दिवेकरांनी मुंबईत प्रार्थनामंदिर बांधिले. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार.

1948 साली इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले आणि कोकणातील या नावाची माणसे त्या नावाच्या देशात जाऊ लागली. आपल्याच घरी आलो, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु तेथे त्यांना ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ असे विचारण्यात आले. 1962 साली तेथील धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्या नावावर शतकानुशतके श्रद्धा ठेविली, तेच नाव संशयाची खूण ठरले! समाजाने तो अपमान मुकाट्याने गिळला नाही. स्त्रीपुरुषांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडिले. अखेर 1964 साली इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे जाहीर केले आणि त्या आदेशातून त्यांचे नाव गाळण्यात आले.

आज या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये राहतात. लोद, दिमोना, बीरशेबा या नगरांत कोकणातल्या गावांची आडनावे आढळतात. तेथे त्यांनी एक मराठी नियतकालिकही काढिले. त्याचे नाव त्यांनी ‘मायबोली’ असे ठेविले.