दंडार गावात येते म्हणजे काय? घुसाडीचा टोप, सोंगं अन् परतीचा पाहुणचार

पांढरकवडा : दिवाळी जवळ आली की केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी भागातल्या कोलाम पोडांवर आणि गोंड गावांत ढोल घुमू लागतो. मोबाईलवर घुसाडीचे व्हिडिओ फिरतात. पण बघणाऱ्या बऱ्याच जणांना दंडार म्हणजे फक्त मोरपिसांचा नाच वाटतो. खरं तर तो नाच, नाटक, नवस आणि सोयरीक असा एकत्र मामला आहे.

झाडीपट्टीतली दंडार वेगळी. आपल्या भागातली दंडार सीमेपलीकडच्या आदिलाबादकडच्या गोंडांच्या दंडारीशी जोडलेली आहे. तिकडे गोदावरीकाठच्या पद्मलपुरी काकोच्या दर्शनाला महाराष्ट्रातूनही दंडारी जातात.

कोण काय करतं?

यात पगारी कलाकार कोणीच नसतो. सकाळी सोयाबीन काढणारा, कापूस वेचणारा माणूसच रात्री नाचतो.

घुसाडी हा दंडारीचा मान. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, त्याला शिंगं, अंगाला राख, हातात काठी. तो देवाचं रूप मानला जातो. म्हणून नियमही कडक. दंडार संपेपर्यंत अंघोळ करायची नाही, अनवाणी फिरायचं. एकदा टोप घातला की मधेच सोडून घरी जाता येत नाही.

दुसरीकडे लुगडं नेसलेले पोरं असतात. बाईचं सोंग घेणाऱ्या या पोरांना गोंडीत पोरिक म्हणतात. नाच थांबला की मधे छोटे विनोदी खेळ होतात. नवरा-बायकोचं भांडण, सासू-जावयाची फजिती, असलं काही. लिहिलेली संहिता नसते, जागेवरच संवाद जुळतात. म्हातारी, लेकरं, बाया सारे एकत्र बसून हसतात. पाहुण्यांनी यजमानांची टर उडवायची आणि यजमानांनी उत्तर द्यायचं, त्याचा राग कोणी धरत नाही.

एक गाव दुसऱ्या गावाला का जातं?

दंडार आपल्याच गावात नाचून संपत नाही. ती दुसऱ्या गावी पाहुणी जाते. तिथले मानकरी वेशीवर स्वागत करतात, सारं गाव मिळून जेवण देतं. मग त्या गावाची दंडार परत यायला पाहिजे. आज जेवलो तर उद्या जेवू घालणं आलंच. याच भेटीत लग्नाच्या गोष्टीही निघतात.

अडचण कुठे आहे?

दिवाळीचे दिवस म्हणजे शेतीची घाई. सोयाबीन घरी यायचं असतं, पऱ्हाटी फुटलेली असते. मजुरी बुडवून आठ-दहा दिवस फिरणं ज्याचं पोट हातावर आहे त्याला जड जातं. शिकलेली, बाहेरगावी कामाला गेलेली पोरं सुटी घेऊन येतात तेव्हाच लाडकी दिवाळीची रात्र धरते. ढोल वाजवणारा एक म्हातारा गेला आणि त्याचा ताल कोणी उचलला नाही, तर पुढच्या वर्षी पोडाची दंडारच निघत नाही. आणि एक दंडार निघाली नाही, तर दुसऱ्या गावाचा पाहुणचारही फेडायचा राहतो.

दुसरा प्रश्न टोपाचा. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे. आपोआप गळालेली पिसं बाळगायला कायद्यात मुभा आहे, पण पिसांसाठी मोर मारणं गुन्हा आहे. म्हणून जुना टोप जपून ठेवणं आणि रानातली गळालेली पिसं गोळा करणं हाच सरळ मार्ग. हरणाच्या कातड्याऐवजी आता कापड किंवा घोंगडी वापरलेली बरी.

या कलेला मान मिळत नाही असं नाही. घुसाडी नृत्यासाठी तेलंगणातल्या मार्लवाईचे कनक राजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पण पुरस्काराने पोडावरचा ढोल वाजत नाही. तो घरच्याच पोट्ट्यांना शिकवावा लागतो.

तुमच्या गावात दंडार आली तर

- व्हिडिओ काढण्याआधी पोडाच्या नाईकांना किंवा महाजनांना विचारा.
- घुसाडीच्या टोपाला हात लावू नका, पीस ओढू नका.
- डीजे बंद ठेवा, नाहीतर ढोल आणि खेळातले संवाद कानावर येणार नाहीत.
- जमेल तेवढं धान्य, चहा-जेवण द्या. दंडार भीक मागायला येत नाही, पाहुणी म्हणून येते.