कथाखेळाचा मुखसंधी

कथेचा आरंभ कसा असावा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे नाटक, कादंबरी आणि लघुकथा यांच्या अनुषंगाने पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या कथेचा कर्ता एक नसून चार-पाच जण असतात, जी लिहिली जात नाही तर बोलता बोलता घडते, आणि जिचा शेवट आरंभी कोणासच ठाऊक नसतो, अशा कथेच्या आरंभाची चर्चा आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचे योजिले आहे.

अशा कथेचा एक प्रकार म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा अद्भुत कथाखेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रसिद्ध केला व पुढे तो जगभर पसरला. त्याची रीत सोपी आहे. एक जण सूत्रधार होतो. उरलेले खेळाडू वैद्य, शिकारी, लोहार, कथेकरी अशी एकेक भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" खेळाडू आपापल्या भूमिकेतून उत्तर देतात. जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकून निर्णय होतो. अशा अनेक बैठकी एका सूत्रात ओवल्या म्हणजे मोहीम तयार होते. मोहीम पुढे महिनोन् महिने चालेल की दुसऱ्या बैठकीलाच ओस पडेल, हे बहुधा पहिल्या प्रसंगावरून ठरते.

नवख्या सूत्रधाराच्या हातून येथे दोन दोष घडतात. पहिला प्रस्तावनेचा. राज्याचा इतिहास, राजांच्या वंशावळी, प्राचीन युद्धे यांचे निरूपण तो अर्धा तास करीत राहतो; खेळाडू श्रोते बनतात, आणि एकदा श्रोता झालेला मनुष्य पुन्हा कर्ता होण्यास सहसा तयार होत नाही. दुसरा दोष ठरीव साच्याचा. पाश्चात्त्य खेळांत सारे वीर एखाद्या पांथशाळेत भेटतात आणि कोपऱ्यातला अनोळखी म्हातारा त्यांना कामगिरी सांगतो. हा साचा तिकडेही आता थट्टेचा विषय झाला आहे. आपण धर्मशाळा किंवा आठवडी बाजार योजिला तरी दोष तोच राहील. कारण तेथे कामगिरी स्वीकारण्यावाचून खेळाडूंना दुसरे काही करावयाचेच नसते.

मग आरंभ कसा करावा? भरतमुनींनी नाट्याच्या पाच संधींत मुखसंधीला प्रथम स्थान दिले व त्यात बीजाची योजना सांगितली. बीज आरंभी अल्प दिसते, परंतु पुढचा सारा विस्तार त्यातूनच होतो. याचे उत्तम उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलाचा पहिला अंक होय. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कडम नदीवर सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतला धबधबा आहे. त्याच्या नावाचा संबंध लोक शकुंतलेशी जोडतात, म्हणून हे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळचे वाटते. दुष्यंत रथातून हरिणाचा पाठलाग करीत आहे, बाण सुटण्याच्या बेतात आहे, आणि तेवढ्यात तपस्वी मध्ये येऊन सांगतात की हे आश्रमाचे हरिण आहे, त्यास मारू नये. राजा बाण आवरतो. त्या एका कृतीतून त्याचा स्वभाव कळतो, चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद मिळतो, आश्रमाची वाट उघडते आणि शकुंतलेची भेट होते. पुरुवंशाचा इतिहास तोवर कोणी विस्ताराने सांगितलेला नाही. तो सांगण्याची गरजही पडत नाही.

मात्र नाटक आणि कथाखेळ यांत एक मूलभूत भेद आहे. नाटकात बाण आवरावयाचा हे कालिदासाने ठरविले आहे. खेळात ते सूत्रधाराने ठरवावयाचे नाही. खेळाडू बाण सोडूही शकतो, आणि तो सुटला तर आश्रमाचे दार बंद न होता वेगळ्या रीतीने उघडले पाहिजे. म्हणून पहिल्या प्रसंगाची कसोटी आमच्या मते ही : त्यात खेळाडूंपुढे खरा निर्णय असावा, त्या निर्णयाचे फळ तत्काळ दिसावे, आणि कोणताही निर्णय झाला तरी बीज जिवंत राहावे.

हे कौशल्य मराठी मनाला परके नाही. कोकणातील दशावतारी नटांपुढे लिखित संहिता नसते. कथानकाची रूपरेषा ठरते आणि संवाद रंगभूमीवर जन्मास येतात. तमाशातील वगाची जुनी परंपराही हजरजबाबीपणावरच उभी होती. कथाखेळाच्या सूत्रधाराने तयारी करावयाची ती याच धर्तीची : संवाद पाठ करावयाचे नाहीत, पात्रांच्या इच्छा पाठ करावयाच्या.

आता एक नमुना मांडतो. आदिलाबाद आणि विदर्भ यांच्यामधून पैनगंगा वाहते. तशीच एक काल्पनिक नदी घ्यावी. पावसाळ्याची संध्याकाळ, पाणी चढते आहे, शेवटची नाव सुटते आहे आणि खेळाडू तिच्यात बसले आहेत. नावाड्याने दोर सोडला, एवढ्यात एक म्हातारी मडके उराशी धरून घाटाकडे धावत येते. तिच्या मागे तीन मशाली आहेत. म्हातारी ओरडते, "थांबा रे बाबांनो!" मशालवाले ओरडतात, "तिला घेऊ नका! गावाचं बियाणं चोरून चालली आहे!" नावाडी खेळाडूंकडे पाहतो. येथे सूत्रधाराने थांबावे व विचारावे, "तुम्ही काय करता?" एवढे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

या प्रसंगात प्रत्येक भूमिकेसाठी काहीतरी राखून ठेवावे. वैद्याला दिसते की म्हातारीच्या पायाला सर्पदंश झाला आहे. लोहाराला तिच्या मनगटावर बेडीचा वळ दिसतो. कथेकऱ्याला मडक्यावरील चित्रातली गोष्ट अर्धीच आठवते. शिकाऱ्याच्या कानावर येते की मशाली तीन असल्या तरी पावले दोघांचीच वाजतात. अशा योजनेने पहिल्या पाव तासात प्रत्येक मूल एकदा तरी बोलते, आणि ते इतरांना हवे असलेले काही सांगते.

अद्भुताचाही नियम वर्णनाने सांगू नये, कृतीतून कळू द्यावा. समजा, या मडक्याजवळ कोणी खोटे बोलले की ते जड होते. म्हातारी नावेत आली आणि "हे माझंच आहे" म्हणाली की नाव चार बोटे खाली जाते. खेळाडूंपैकी कोणी तिला धीर देण्यासाठी "घाबरू नका आजी, आम्हाला पोहता येतं" असे खोटेच म्हणाला तर आणखी चार बोटे. तिसऱ्या वेळी मुले आपोआप शब्द तोलून बोलू लागतात. म्हातारीला घाटावरच सोडले तर मडके मशालवाल्यांच्या हाती पडते, आणि पुढच्या बैठकीत त्या गावात खरे-खोटे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे गेलेला आढळतो. दोन्ही वाटांनी प्रश्न एकच उरतो : बियाणे कोणाचे? बीज जिवंत राहते ते असे.

फाशाविषयी थोडे गणित आवश्यक आहे. वीस पैलूंच्या फाशावर १५ किंवा अधिक दान पडावयाची शक्यता वीसात सहा, म्हणजे ३० टक्के. पहिल्याच दाराला ही अट घातली आणि चौघांनी एकेकदा प्रयत्न केला, तरी चौघेही अपयशी ठरण्याची शक्यता सुमारे २४ टक्के राहते. चार बैठकींपैकी जवळजवळ एक दाराशीच अडेल. म्हणून ज्यावाचून कथा पुढे सरकणार नाही ते फाशावर सोपवू नये. अपयशाने कथा थांबू नये, वळावी. घाटावर उडी चुकली तर खेळाडू पाण्यात पडेल आणि तिसऱ्या मशालीचे पाण्यातील प्रतिबिंब त्याला दिसेल.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. आमच्या जिल्ह्यात अद्भुताची वाण नाही. पहांदी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंड देवांस मुक्त केल्याची कथा परधान गायक किकरीच्या साथीवर गातात. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत मेसराम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. दिवाळीत मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव नाचतात. बाहेरच्यांना हे पाहून राक्षसाची आयती वेषभूषा सापडल्यासारखे वाटेल. परंतु ही शेजाऱ्यांची जिवंत श्रद्धा आहे, आणि वर्गात त्याच घरची मुले बसलेली असतात. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते देव नव्हेत, कथनाची रीत घ्यावी. परधानांची घरची बोली मराठी वळणाची आणि गायन गोंडीत. दोन भाषांत कथा पेलणारे हे गुरू आपल्या दाराशी आहेत.

हा सारा खटाटोप शिक्षकाने का करावा? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा तालुके या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. सीमेच्या अलीकडे राहिलेली मराठी कुटुंबे तेलुगू, उर्दू, गोंडी यांच्या सहवासात वाढली. ही समृद्धीच आहे. परंतु अशा ठिकाणी मराठी ही केवळ घरातली आणि उत्तरपत्रिकेतली भाषा होऊन बसण्याचा धोका असतो. वाद घालणे, अभय देणे, विनवणे, शब्द पाळणे यांसाठी मुलाला ती वापरावयास मिळाली तरच ती त्याची होते. निबंधाच्या तासाला दोन ओळींवर अडणारे मूल नाव बुडू नये म्हणून सलग पाच वाक्ये बोलते, आणि तीही विचारपूर्वक, हे आम्ही पाहिले आहे. शिक्षकबंधुभगिनींनी एका शनिवारी चार मुले, एक फासा आणि एक नाव एवढ्यावर प्रयोग करून पाहावा. आपण दोन मिनिटांत बोलणे संपवावे आणि मुलांच्या उत्तराची वाट पाहावी. ती शांतता लांबली तरी मध्ये बोलू नये.