दोन दिवसांचा मेळावा आणि मोजके हात

यशवंतपूर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी रेल्वेच्या तिकिटावर वाचले असेल. मिरज, बेळगाव, हुबळी या बाजूंनी तुमकूरमार्गे येणाऱ्या प्रवाशाला बेंगळुरू शहर आल्याची खूण पटते ती या स्थानकावर. येथल्या बाजार आवारात महाराष्ट्रातील कांद्याची पोती वर्षानुवर्षे उतरत आली. जवळच चंदनी साबणाचा सरकारी कारखाना आहे आणि पलीकडे मल्लेश्वरम. मराठी माणूस या भागात काही काल-परवा आलेला नाही. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांचे नाव निगडित असून, १६६९ च्या शिलालेखात त्यांनी देवाला गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे. पुढे १९४६ साली रवि किर्लोस्करांनी विजेची यंत्रे बनविणारा कारखाना बेंगळुरूत काढला, तेव्हा नोकरीनिमित्तही मराठी कुटुंबे या बाजूला आली.

घर सोडून दूर राहणारी माणसे एकत्र आली की मंडळ निघते. कोठे ते भाषेचे असते, कोठे ज्ञातीचे, कोठे रोटरीसारखे सेवेचे. रोटरीचा प्रारंभ १९०५ साली शिकागोत झाला. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना जमविले. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून ते नाव पडले. १९३४ मध्ये रोटरी बेंगळुरूतही आली. चार माणसांच्या बैठकीला चहाखेरीज कसलीच तयारी लागत नाही. परंतु हेच मंडळ दोनशे माणसांचे झाले आणि शनिवार-रविवार मिळून वार्षिक सभा, मुलांचे खेळ, रक्तदान, नाटक आणि चार पंक्ती असा बेत ठरला, म्हणजे तो बेत कोणाच्या तरी अंगावर येतो. तो कोणाच्या अंगावर येतो, हेच आपण येथे पाहू.

कार्यक्रमपत्रिका करताना कार्यकारिणी एक चूक हमखास करते. सर्वांचा मान राखावयाचा म्हणून प्रत्येकाची सूचना पत्रिकेत येते आणि शनिवारी सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत श्वास घ्यावयास जागा उरत नाही. वस्तुतः परगावाहून माणसे येतात ती परस्परांना भेटण्यासाठी. सभागृहाबाहेरच्या ओसरीवर दोन जुने शेजारी पाच वर्षांनी समोरासमोर येतात आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, "मंडळींनी कृपया आसनस्थ व्हावे." तो अर्धा तास पत्रिकेतच मोकळा ठेवला असता तर सत्काराची दोन भाषणे कमी झाली असती, इतकेच.

वेळेची ढिलाई कोठे नडते याचा एक अनुभव सांगतो. एका मंडळाच्या मेळाव्यात शनिवारी रात्री हौशी कलावंतांचे नाटक होते. ते साडेसातला सुरू व्हावयाचे. परंतु स्वागत, परिचय, हार, आभार यांत पावणेनऊ वाजले. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालविता येत नाही. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून अधिकात अधिक पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला आपोआप लागू होत नाही. उघड्या आवारातला रंगमंच, बरोबर दहाला आवाज बंद. तिसरा अंक पहिल्या तीन रांगांनीच ऐकला. ज्या बाईंनी दोन महिने कचेरी सांभाळून आईची भूमिका पाठ केली होती, त्यांचा मुख्य प्रवेश त्याच अंकात होता. पुढच्या वर्षी त्यांनी काम घेतले नाही. मंडळे भांडणाने मोडतात असे आपण म्हणतो. कित्येकदा ती अशी गुपचूप एकेक माणूस गमावीत जातात.

रक्तदानाचेही तसेच. उपक्रम उत्तम, पण तो कोठे बसवावयाचा याचा विचार हवा. रक्त दिलेल्या माणसाने त्या दिवशी जड श्रम करू नयेत, भरपूर पाणी प्यावे, आणि येताना उपाशीपोटी येऊ नये. म्हणून रक्तदान न्याहारीनंतर, आणि दोरीखेच त्याच्या आदल्या दिवशी. उपवासाची तिथी पंचांगात आधीच पाहून घ्यावी. पुरुषांनी दोन दानांमध्ये तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने अंतर ठेवावयाचे असते. तेव्हा रक्तपेढीची गाडी नुकतीच येऊन गेलेल्या वस्तीत पुन्हा शिबिर घोषित केले तर दाते कोठून मिळणार? शिवाय सकाळी खांब रोवणारे, खुर्च्या उचलणारे तरुणच बहुधा रक्त द्यावयास पुढे होतात. त्यांच्या जागी दुपारी कोण उभे राहणार ते आधी ठरलेले बरे.

आता स्वयंपाकघरात चला. दोनशे पानांच्या एका पंक्तीला माणशी ऐंशी ग्रॅम धरले तरी सोळा किलो तांदूळ लागतो. सकाळच्या पोह्यांना चौदा किलो पोहे. एका वेळच्या चहाला वीस लिटर चहा, म्हणजे निम्मे तरी दूध. आचारी सांगितला तरी हे सारे थांबत नाही. कोथिंबीर निवडणे, नारळ खवणे, बाळांसाठी बिनतिखटाचा भात, मधुमेही आजोबांसाठी भाकरी, हे कोणी सांगितलेले नसते आणि कोणी तरी करीत असते. ते कोण, हे पाहण्यासाठी सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात. मंडळ 'बंधुभावाचे' म्हणवते, पण भगिनी चुलीपाशी असतात आणि आभारप्रदर्शनात 'महिला विभाग' या दोन शब्दांत आटोपतात. यावर उपाय अवघड नाही. चार पंक्तींपैकी दोन पुरुषांनी सांभाळाव्यात. वाढपी म्हणून मिरविणे वेगळे. चिरणे, वाढणे, भांडी घासून देणे, हे सर्व. शनिवारच्या नाटकाच्या वेळी स्वयंपाकघर बंद असावे. रात्रीचे जेवण साधे, म्हणजे खिचडी, कढी, पापड, तेही नाटकाआधी. एका वर्षी कोशिंबीर नसली तर मंडळाची अब्रू जात नाही.

पाहुण्यांच्या बाबतीत यशवंतपूरची एक सोय आहे. मार्च २०१४ पासून येथे मेट्रो आली आणि आता याच मार्गाने थेट मॅजेस्टिकपर्यंत जाता येते. महाराष्ट्र मंडळाची वास्तू असलेले गांधीनगर तेथून हाकेच्या अंतरावर. पण पहाटे चारला उतरलेल्या, दोन पिशव्या आणि पेंगुळलेले पोर घेतलेल्या कुटुंबाला मेट्रो सुरू होण्याची वाट पाहावी लागते. स्थानकावर एक माणूस पाहिजे. त्याला कानडी यावे. रिक्षावाल्याशी भाडे ठरविताना इंग्रजीपेक्षा "बन्नी, कूडि" एवढे शब्द अधिक उपयोगी पडतात. आणि हा माणूस रात्री नाटकाच्या पडद्यावर नेमलेला नसावा. पहाटे तीनला उठलेला मनुष्य रात्री नऊला पडदा भलत्याच वेळी पाडतो, आणि दोष मात्र दोरीला जातो.

म्हणूनच पत्रिका छापण्यापूर्वी दुसरी एक यादी करावी. डाव्या बाजूला तास, उजव्या बाजूला माणसांची नावे. एकच नाव ओळीने तीन तासांपुढे आले की तेथे थांबावे. दुसरे नाव मिळत नसेल तर तो कार्यक्रमच खोडावा. बहुतेक मंडळांत ही यादी केली की दहा-बारा नावांच्या पुढे जात नाही आणि पत्रिकेतले कार्यक्रम मात्र सतरा निघतात. खोडणे कठीण जाते, कारण प्रत्येक कार्यक्रमामागे कोणाची तरी हौस उभी असते. ज्याचा कार्यक्रम खोडावयाचा त्याला अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन सांगावे. छापील पत्रिकेतून कळू देऊ नये.

राहता राहिला रविवारचा उत्तरार्ध. पाहुणे चारनंतर पांगू लागतात आणि पाचला सभागृहात दोनशे खुर्च्या, भाड्याची पातेली आणि पाच-सहा माणसे उरतात. पातेली मोजून परत करावयाची असतात. एक झारा नेहमी कमी भरतो. हिशेब त्याच रात्री लिहावा, कारण सोमवारी पावत्या खिशासकट धुण्यात जातात. आणि त्या पाच-सहा जणांसाठी दुपारच्या पंक्तीतले जेवण आधीच काढून, झाकून ठेवलेले असावे.