टपोऱ्या डोळ्यांचं गणित

2000 च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडोने गेमक्यूब या नव्या कन्सोलची चुणूक दाखवली. त्यात ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ तलवारी उपसून भिडले होते, अगदी सिनेमात शोभावेत असे. चाहते हरखले. वर्षभराने खरा गेम दिसला, तर लिंक टपोऱ्या डोळ्यांचं, भल्यामोठ्या डोक्याचं कार्टून! ‘हे काय पोराटोरांसाठी?’ म्हणून ओरड झाली. हाच ‘विंड वेकर’. जपानमध्ये तो डिसेंबर 2002 मध्ये आला.

कार्टूनछाप म्हणजे कमी मेहनत, असं अजूनही समजलं जातं. पण मुळातलं गणित कार्टूनछाप आणि वास्तवदर्शी, दोन्हीकडे तेच. पृष्ठभागाचं तोंड कुठे आणि दिवा कुठे, यांतल्या कोनावरून प्रत्येक ठिकाणी उजेडाचा आकडा निघतो, शून्य ते एक. वास्तवदर्शी गेममध्ये या आकड्यानुसार गालावरून हनुवटीकडे सावली हळूहळू दाटत जाते. सेल शेडिंगमध्ये, म्हणजे या कार्टूनछाप पद्धतीत, आकड्यालाच पायऱ्या पाडतात: ठरावीक मर्यादेच्या वर उजळ रंग, खाली गडद, अधलंमधलं काही नाही. लिंकच्या हिरव्या अंगरख्यावरची सावली म्हणूनच कात्रीने कापल्यासारखी दिसते.

खऱ्यासारख्या चेहऱ्याचं एवढ्यावर भागत नाही. उजेड त्वचेत शिरतो, आत विखुरतो, मग बाहेर पडतो. उन्हाच्या आड आलेला कान लालसर दिसतो तो त्यामुळे. हे साधलं नाही तर माणूस मेणाचा वाटतो. त्यात सेकंदाला 60 चित्रं हवी असतील, तर एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम 17 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात जे जमतं ते त्या साली थक्क करतं. पुढच्या पिढीचं कन्सोल आलं की त्यातलं मेण डोळ्यांत भरू लागतं. कार्टूनने खऱ्या माणसाशी पैज लावलेलीच नसते. ‘विंड वेकर’ 2013 मध्ये निन्टेंडोच्याच वी यू या कन्सोलवर हाय डेफिनिशनमध्ये आला, तेव्हा उजेड-सावल्या नव्याने केल्या गेल्या, पण लिंकचा तोंडवळा तोच राहिला. काहींना तर नवी झळाळीच जास्त वाटली.

आणि ते डोळे नुसते गोड नव्हेत. जवळपास काही कामाचं असलं की लिंकची बुबुळं आपसूक तिकडे वळतात; खेळणाऱ्याला सुगावा लागतो तो असा. डोळे खऱ्या मापाचे असते, तर त्या काळच्या टीव्हीवर ही हालचाल कुणाच्या लक्षातही आली नसती.