टर्बो इंजिन कोणत्या मेस्त्रीच्या हाती द्यावे?

कोल्हापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला गूळ, चप्पल आणि कुस्ती आठवते. परंतु उद्योगाच्या दृष्टीने पाहिले तर या शहराची खरी ताकद लोखंडात आहे. शेताला पाणी देणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता येथील मेस्त्री स्वतः इंजिने बनवू लागले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतील फौंड्रींमध्ये मोटारींचे सुटे भाग ओतले जातात, मेनन समूहाच्या कारखान्यांत पिस्टन आणि बेअरिंग तयार होतात. टर्नर, फिटर, मोल्डर, गॅरेज मेस्त्री अशा नात्याने आपल्या अनेक बांधवांची रोजीही याच लोखंडावर चालते.

आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक नव्या डिझेल गाडीला टर्बो असतो. छोट्या पेट्रोल मोटारींतही तो आला आहे. कोल्हापूरजवळ मोहिते यांचा गो-कार्टिंगचा ट्रॅक झाल्यापासून तरुणांमध्ये शर्यतीची हौसही वाढली आहे. कोणाला मालगाडीचे टर्बो इंजिन नव्याने बांधून घ्यायचे असते, तर कोणाला मोटारीची ताकद वाढवायची असते. दोघांपुढे प्रश्न एकच: काम कोणाला द्यायचे? खर्च मोठा असतो आणि चूक झाली तर तो दुसऱ्यांदा करावा लागतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती करून घेणे फायद्याचे आहे.

टर्बोचे काम काय?

सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १ बार असतो. टर्बोने त्यावर आणखी १ बार दाब दिला, तर सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा जाते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला गार करण्यासाठी इंटरकूलर बसवतात.

छोट्या मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल क्षणभर कमी पडले किंवा त्यात कचरा आला, तर टर्बो गेलाच म्हणून समजावे.

ताकद फुकट मिळत नाही

दुप्पट हवा भरली की पिस्टन, रॉड, बेअरिंग, हेडचे बोल्ट आणि गास्केट या सर्वांवरचा ताण आणि उष्णता वाढते. म्हणून जास्त ताकदीच्या इंजिनात ओतीव पिस्टनऐवजी फोर्जिंगचे पिस्टन आणि मजबूत रॉड घालतात. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन बेताचे ठेवावे लागते, नाहीतर इंधन अवेळी पेटून ठोके पडतात आणि पिस्टन फुटतो. इंजिन १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवून घेतले आणि रोज साधे पेट्रोल भरले, तर हाच धोका असतो.

एक बारीक उदाहरण पाहा. पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमध्ये फट ठेवतात. साध्या इंजिनात बोअरच्या प्रत्येक इंचामागे ती सुमारे ४ हजारांश इंच असते. म्हणजे ३ इंच बोअरला १२ हजारांश. टर्बोची रिंग जास्त तापते आणि जास्त फुगते, म्हणून तेथे इंचामागे ५ ते ६, म्हणजे १५ ते १८ हजारांश फट लागते. नेमका आकडा रिंग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून घ्यावा. ही फट कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग अडकते आणि पिस्टनचा कडा तुटतो. कागदाच्या जाडीएवढ्या चुकीने संपूर्ण इंजिन जाते.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट मोजमापाची हत्यारे. बोअर गेज, मायक्रोमीटर, फिलर गेज आणि टॉर्कचा पाना या चार वस्तू मेस्त्रीच्या हाताशी आहेत का? ‘आमचा हातच माप आहे’ असे सांगणाऱ्याच्या अनुभवाचा मान राखावा, पण टर्बोचे काम त्याला देऊ नये. चांगला मेस्त्री प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा मोजून कागदावर लिहितो. तो कागद मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट तपासणी. जुना क्रँक आणि रॉड चुंबकीय पद्धतीने, तर ॲल्युमिनियमचे हेड रंगाच्या द्रवाने तडे आहेत का हे पाहून घेतात. डोळ्यांना न दिसणारा तडा दाब वाढल्यावर बोलू लागतो.

तिसरी गोष्ट होनिंग. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित वाकडा होतो आणि गोल बोअर गोल राहत नाही. म्हणून जाणकार दुकाने ब्लॉकवर जाड लोखंडी प्लेट हेडसारखी आवळून मगच होनिंग करतात. ही प्लेट आहे का, एवढ्या एका प्रश्नावरून दुकानाची पारख होते.

चौथी गोष्ट स्वच्छता. होनिंगनंतर ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पांढऱ्या फडक्याने पुसून, फडके काळे होईनासे होईपर्यंत साफ करावा लागतो. तेलाच्या वाटा बुच काढून साफ कराव्या लागतात. ज्या दुकानात ग्राइंडिंगची धूळ उडते त्याच टेबलावर इंजिन बांधले जात असेल, तर तेथून परत फिरावे.

गॅरेजच्या गप्पांत एक कहाणी नेहमी ऐकू येते. टर्बो गेला, नवा घातला, पंधरा दिवसांत तोही गेला. दोष टर्बोवर येतो. प्रत्यक्षात जुन्या टर्बोचे तुकडे इंटरकूलरमध्ये पडून असतात, किंवा तेलाचा पाइप अर्धा चोंदलेला असतो. टर्बो का गेला याचे उत्तर न शोधता नवा बसवणारा मेस्त्री ग्राहकाचे पैसे दोनदा घालवतो.

काम चार हातांत, जबाबदारी कोणाची?

आपल्याकडे बोअरिंग एका दुकानात, क्रँक ग्राइंडिंग दुसऱ्या, पंप-नोझल तिसऱ्या आणि बांधणी चौथ्या ठिकाणी होते. यात गैर काही नाही. प्रत्येकजण आपल्या कामात तरबेज असतो. परंतु इंजिन बसले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून सुरुवातीलाच एक मुख्य मेस्त्री ठरवावा आणि बाकीचे काम त्याच्यामार्फत व्हावे. संगणकाची जुळवणी कोण करणार, कोणत्या यंत्रावर करणार, हेही त्याच्याकडून आधी समजून घ्यावे. उत्तम बांधलेले इंजिन चुकीच्या जुळवणीने अर्ध्या तासात बिघडू शकते.

लेखी करार

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिलेली आहे. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत आधीच स्पष्ट असावी लागते. हजरत अली (रजि.) कारागिरांना त्यांच्याकडे सोपवलेल्या वस्तूबद्दल जबाबदार धरत, अशी रिवायतही फिकहच्या किताबांत येते. म्हणजे इंजिन ही मेस्त्रीकडची अमानत आहे.

तेव्हा साध्या कागदावर एवढे तरी लिहावे: कोणत्या कंपनीचे कोणते भाग पडणार, मजुरी किती, काम कधी पूर्ण होणार, बिघाड झाल्यास कोणता दोष कोणाचा, आणि आगाऊ रक्कम किती. जुने काढलेले भाग परत मागावेत. ग्राहकानेही आपली बाजू पाळावी. मेस्त्रीने सांगितलेले तेल, सांगितलेले इंधन आणि सुरुवातीचे सबुरीने चालवणे सोडून दिले, तर दोष मेस्त्रीवर टाकता येणार नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगे बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते. ज्याला शर्यतीची हौस आहे त्याने ती ट्रॅकवर भागवावी. रस्ता सर्वांचा आहे.

कारागीर बांधवांसाठी

तामिळनाडूतील कोईमतूर हे आपल्यासारखेच पंपांचे आणि फौंड्रींचे शहर. तेथे एस. करिवर्धन यांनी देशी भागांतून शर्यतीच्या मोटारी बनवल्या. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे तेथील ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले. आज देशातील मोटार शर्यतीचे ते एक प्रमुख केंद्र आहे. कोल्हापुरात कसबी हात आहेत, फौंड्री आहे, पिस्टन येथेच बनतात. कमी आहे ती मोजून लिहून ठेवण्याच्या सवयीची. एक बोअर गेज, एक टॉर्कचा पाना आणि एक वही, एवढ्या भांडवलावर लहान दुकानही मोठ्या दुकानाच्या बरोबरीला येऊ शकते. ग्राहक आज स्वस्त मेस्त्री शोधतो, पण एकदा फसला की तो खात्रीचा मेस्त्री शोधत दूर पुण्यापर्यंत जातो. त्याला येथेच थांबवणे आपल्या हाती आहे.

माप पुरे देणे हा व्यापाऱ्याचा धर्म आहे. मेस्त्रीच्या बाबतीत ते माप मायक्रोमीटरवर असते, इतकाच फरक. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो.