‘शोले’ आणि त्याचे प्रतिबिंब

२०२५ च्या गणेशोत्सवात आमच्या गिरगावातील घरी तीन पिढ्यांची मंडळी जमली होती. आरती आटोपल्यावर एक वाद उपस्थित झाला, आणि तो इतका रंगला की वाढलेली पाने निवू लागली तरी कोणी उठेना. विषय वेदान्ताचा नव्हता आणि राजकारणाचाही नव्हता. ‘शोले’ या चित्रपटास त्याच महिन्याच्या १५ तारखेस ५० वर्षे पूर्ण झाली होती. आमच्या पुतण्याच्या चिरंजीवांनी तो नुकताच पाहिला होता, व “आजोबा, चित्रपट चांगला, पण फार संथ. आता कोणीतरी तो नव्याने काढावयास हवा,” असा अभिप्राय त्यांनी दिला. त्यावर आमचे दादा, म्हणजे ज्येष्ठ बंधू, मोदकाचे ताट बाजूस सारून म्हणाले, “काढला होता, बाळ. २००७ साली. तो पाहून ये आणि मग बोल.”

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे वाद होत असतील त्यांस पुढील चार शब्द निरर्थक वाटणार नाहीत, अशी आशा आहे.

आम्ही ‘शोले’ पाहिला तो लॅमिंग्टन रोडवरील ‘मिनर्व्हा’ चित्रगृहात, १९७५ च्या पावसाळ्यात. आमचे वय तेव्हा १५ वर्षांचे. वडिलांच्या मते डाकूंची चित्रे पाहणे हे भल्या घरच्या मुलांचे काम नव्हे. सबब दादांनी आम्हांस ग्रंथालयात नेतो असे सांगून नेले. रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट प्रथम चालणार नाही, असेच जाणत्यांचे भाकीत होते. अमिताभ बच्चन यांनी रंगविलेला जय शेवटी मरतो, त्यास जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, येथवर निर्मात्यांचा विचार गेला होता. परंतु प्रेक्षकांनी एकमेकांस सांगितले, आणि तोच चित्रपट पुढे ‘मिनर्व्हा’त पाच वर्षे चालला. ते चित्रगृह आज उरलेले नाही. मराठी वाचकांस हेही स्मरण द्यावेसे वाटते की, त्यातील कालिया हे विजू खोटे, अहमद हे सचिन पिळगावकर, आणि त्या चित्रपटास त्या वेळी जे एकमेव फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते संकलनाबद्दल एम. एस. शिंदे यांना.

आता, ज्याची नक्कल करू नये असे दादा म्हणतात तो चित्रपट तरी कोठे आकाशातून पडला होता? जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’ काढला. लुटारूंनी गांजलेले गाव पोटावारी योद्धे आणते, ही त्याची कथा. १९६० साली जॉन स्टर्जेस यांनी तीच कथा अमेरिकेच्या सरहद्दीवर नेऊन ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हा घोडेस्वारांचा चित्रपट केला. त्याचीही पुन्हा नवी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी १९६८ साली पडद्यावर दाखविलेले एका कुटुंबाचे हत्याकांड ज्याने पाहिले आहे, त्यास ठाकुराच्या अंगणातील तो भयंकर प्रसंग ओळखीचा वाटल्याखेरीज राहणार नाही. आपल्याकडेही राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये १९७१ सालीच एक जब्बर सिंग येऊन गेला होता. एवढे सारे ऋण शिरावर असूनही ‘शोले’स कोणी नक्कल म्हणत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस काश्मीरच्या आनंदवर्धनाजवळ सापडले. नवव्या शतकातील या आचार्याने ‘ध्वन्यालोका’च्या अखेरच्या उद्द्योतात काव्याकाव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रातील आकृतीसारखे, तिसरे दोन देहधारी माणसांत असावे तसे. पहिल्यास स्वतःचा प्राण नाही, दुसऱ्याचा प्राण तुच्छ. म्हणून ती दोन्ही त्याज्य. तिसऱ्यास मात्र स्वतःचा जीव आहे, म्हणून चेहरा मिळताजुळता असला तरी बिघडत नाही. भासाच्या नावावर असलेल्या चार अंकी ‘चारुदत्ता’तून शूद्रकाने दहा अंकी ‘मृच्छकटिक’ उभे केले, असे अनेक विद्वान मानतात. त्यात राज्यक्रांतीचे अख्खे उपकथानक त्याने नवे घातले. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा त्यांस कोणी चोर म्हटले नाही.

या कसोटीवर २००७ च्या ‘राम गोपाल वर्मा की आग’ची परीक्षा करावी. आम्ही तो दादरच्या एका चित्रगृहात सहकुटुंब पाहिला. खुर्च्या निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या. कथा रामगढच्या खडकांतून उचलून मुंबईत आणलेली. जय झालेले अमिताभ बच्चन येथे खलनायक बब्बन झाले, ठाकुराच्या जागी मोहनलाल आले. ठाकुराचे हात जातात, येथे बोटे जातात. मूळ चित्रपटाच्या हक्कदारांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मात्यांस १० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले.

मध्यंतरात व परतीच्या वाटेवर आमच्या घरच्या प्रेक्षकांनी जी मते दिली ती आम्हांस आजही आठवतात. दादा म्हणाले, “बब्बन सारखा भिववण्याचा यत्न करतो. गब्बर यत्न करीत नसे, तो नुसता हसे.” वहिनींचे म्हणणे वेगळे होते. जुन्या चित्रपटात विधवा सून संध्याकाळी एकेक दिवा मालवीत जाते, खाली ओसरीवर जय वाजा वाजवीत बसलेला असतो, आणि दोघे एक शब्द बोलत नाहीत. ती शांतता ज्याला घेता आली नाही त्याने बाकीचे घेऊन काय केले? पुतण्याचे मत आम्हांस सर्वांत समतोल वाटले. तो म्हणाला, “काका, बदल केला हा त्यांचा दोष नव्हे. प्रसंग जुनेच ठेवले आणि त्या प्रसंगांची कारणे तेवढी काढून टाकली, हा दोष.” आनंदवर्धनाने याहून निराळे काय सांगितले असते?

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो. परंतु बोटे तुटलेला तो नवा नायक पाहताना आम्हांस जे स्मरले ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१९८० साली आम्ही परळच्या एका शाळेत नोकरीस लागलो. वर्गातील बहुतेक मुले लालबागेत ‘भारतमाता’ चित्रगृहाच्या आसपासच्या चाळींतली, गिरणीकामगारांची. ‘शोले’तील संवादांच्या ध्वनिमुद्रिका गल्लोगल्ली वाजत, सुभाषिते पाठ न होणाऱ्या मुलांस गब्बरचे संवाद मुखोद्गत असत, आणि त्याचा आम्हांस मनस्वी राग येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्याच वर्षी आम्ही सातवीच्या वर्गास ‘माझा आवडता प्रसंग’ या विषयावर निबंध घातला. एका साचेवाल्याच्या मुलाने ठाकुराच्या खांद्यावरील शाल वाऱ्याने गळून पडते तो प्रसंग लिहिला. त्याने लिहिले होते की, शाल पडेपर्यंत ठाकुराला हात नाहीत हे कोणाला कळत नाही. आमच्या बाबांना हात आहेत, पण ते सहा महिने दारात बसून आहेत. दोघे बसतात तसेच.

आम्ही त्या खाली तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असे लिहून १० पैकी ३ गुण दिले. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. घरची मंडळी कोकणात गेली, एवढेच कळले. संप कधीही मागे घेतला न जाता विरून गेला.

गणपतीच्या त्या रात्री वाद अखेरीस शेवटावर आला. ‘शोले’चा मूळ शेवट निराळा होता. ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो, असे प्रथम चित्रित झाले होते; तो आणीबाणीचा काळ, परीक्षण मंडळास ते रुचले नाही, आणि पोलीस येऊन कायद्याची आठवण देतात असा शेवट करावा लागला. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविली गेली. पुतण्याच्या चिरंजीवांनी विचारले, “मग आजोबा, खरा ‘शोले’ कोणता? तुम्ही ५० वर्षे पाहिलात तो, की हा?”

दादा म्हणाले, मिनर्व्हात पाहिला तो. पुतण्या म्हणाला, दिग्दर्शकाने योजला तो. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही त्या निबंधाची हकीकत प्रथमच घरात सांगितली. आरशातले नाही, चित्रातले नाही, परंतु स्वतःचा जीव असलेले ‘शोले’चे एक रूप आमच्या हाती एकदा आले होते, आणि ते आम्हांस ओळखता आले नाही. ते रूप १२ वर्षांच्या मुलाने दोन पानांत लिहिले होते.

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने वहिनींनी पाने पुन्हा गरम करून वाढली. चिरंजीव आमच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी त्या मुलाचे नाव विचारले. ते आम्हांस आठवत होते, आम्ही सांगितले.